लाल रेघेखालचे हात

१

नमुनावही चोरीला गेली, हे थोरलीला कपाटात न डोकावताच कळलं. कपाटाचं कुलूप कडीला लोंबत होतं, तोंड उघडं टाकून, कामचुकार गडी दुपारचा झोपावा तसं. त्याच्यावर एक ओरखडा नव्हता.

थोरली म्हणजे रंगाऱ्याची बायको. रंगारी जाऊन पाच वर्षं झाली, पण रंगशाळेच्या चुली तिने विझू दिल्या नाहीत. एके काळी इथे आठ गडी घाम गाळायचे, अंगणभर ओली कापडं फडफडायची आणि गल्लीतल्या मांजरांच्या शेपट्यासुद्धा जांभळ्या असायच्या. आता थोरली आणि तिची लेक, दोघीच उरल्या. त्या संध्याकाळी लेक तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली होती. दिवेलागणीला परत येतात तो हे.

वही तशी दिसायला काही नव्हती. चाळीस वर्षांत रंगवलेल्या प्रत्येक कापडाचा नखाएवढा तुकडा तिच्यात डकवलेला, आणि शेजारी रंगाऱ्याच्या बारीक अक्षरात कृती. थोरली शाळेत जेमतेम दोन वर्षं गेलेली. अक्षरं तिला अंगठ्याखाली चिरडून वाचावी लागत. तुकडे मात्र ती डोळे मिटूनही वाचायची. हा डॉक्टरीणबाईच्या लग्नातला, हा बँडवाल्यांच्या कोटाचा, हा लेकीच्या पहिल्या दप्तराचा. वही गेली म्हणजे घरच्या निळ्याची कृती गेली, आणि माणूस गेल्यावर जे काही हाताला लागत होतं तेही गेलं.

फौजदाराला पुतण्याने बोलावलं. पुतण्या म्हणजे तिच्या दिराचा मुलगा, लहानपणापासून याच घरात वाढलेला. पुढचं दुकान तोच बघायचा. गोरापान, गोड बोलणारा, रेशीम डागाळू नये म्हणून पांढरे सुती हातमोजे घालून गिऱ्हाइकासमोर ठाण उलगडणारा. फौजदाराला चहाही त्यानेच दिला, स्वतःही घेतला, तो तसाच हातमोजे घालून. एरवी थोरलीने त्यावरून त्याचं सोंग काढलं असतं. त्या दिवशी तिचं लक्ष नव्हतं.

समोरच्या चष्मेवाल्याने कुणीतरी मागच्या दाराने जाताना पाहिलं होतं. शिपायाने त्याचा जबाब घेतला आणि फौजदाराच्या कानात एकच शब्द सांगितला. फौजदाराने मान डोलावली आणि थोरलीला विचारलं, कुणावर संशय?

तिने कुणाचं नाव घेतलं नाही. एवढ्यावर तिला आयुष्यभर समाधान मानता आलं असतं. पण तिची नजर गेली. खुंटीवर जावयाचा निळा कोट टांगलेला होता, तिकडे गेली आणि परत आली. फौजदाराने ती जाताना पाहिली, येताना पाहण्याची गरज त्याला वाटली नाही.

जावई शाळेत गणित शिकवायचा. पलीकडच्या लोकांतला, रंगाने काळाभोर. सात वर्षं तो या घरात राहत होता. मागच्या खोलीत तो एकटाच वह्या तपासत बसला होता. फौजदाराने खिशातून रंगीत पट्ट्यांचं एक पुठ्ठ्याचं पत्रक काढलं, जावयाच्या मनगटावर टेकवलं, आणि म्हणाला, "अकरावा पट्टा. चला."

जावई उठला. लाल पेनाला टोपण लावलं आणि थोरलीकडे बघून म्हणाला, "आई, वही मिळेल. काळजी करू नका."

त्या वाक्याने तिला रात्रभर कूस बदलायला लावली.

२

सकाळी थोरली चौकीत गेली ती जावयासाठी गेली, असं तिने स्वतःला सांगितलं नाही. वहीचं विचारायला जाते, असं म्हणत गेली.

चौकीच्या खिडकीत, उन्हाच्या तोंडावर, दोरीला ते पत्रक टांगलेलं होतं. काम झालं की फौजदार ते तिथेच लटकवायचा. बारा पट्टे, वर दुधासारखा, खाली कोळशासारखा. सातव्याखाली लाल रेघ. रेघेच्या वर "जाऊ द्यावे", खाली "विचारपूस करावी", आणि दहाव्यापासून "थांबू नये". शिपायाने तिला ते कौतुकाने समजावून सांगितलं. आधी म्हणे तपासाला दिवस लागायचे. कोण कुठे होता, कुणाचं कुणाशी वाकडं, नाना भानगडी. आता मनगट लावलं की झालं. आणि गुन्हेगारही खूप सापडायला लागलेत. गेल्या वर्षी महिन्याला चार अटका, या पावसाळ्याआधी अकरा, आता तर वीस. साहेबांच्या बढतीचा कागदही वर गेला आहे.

"बसवाला धरलाय, टपालवाला धरलाय," शिपाई म्हणाला, "परवा तर आमच्या मेहुण्यालाही बसवून ठेवलं तासभर. कायदा म्हणजे कायदा."

थोरली पत्रकाकडे बघत राहिली. चाळीस वर्षं तिने ऊन आणि रंग यांचं भांडण सोडवलं होतं. तिने पत्रक पलटलं. मागच्या बाजूला, जिथे ऊन लागलं नव्हतं, तिथे छापखान्याने तेच पट्टे पुन्हा छापलेले होते. मागचा सहावा आणि पुढचा आठवा सारखे दिसत होते.

ती कोठडीपाशी गेली.

जावयाने रात्र जागून काढली होती, पण शर्ट नीट खोचलेला होता. फौजदार मागून आला आणि म्हणाला, दुपारी बाराच्या गाडीने याला शहरातल्या मोठ्या तुरुंगात पाठवतोय. तिथे गेला की मग आमच्या हातात काही नाही. वही कुठे विकली ते तिथे बोलेल.

"कुलूप कसं उघडलं याने?" थोरलीने विचारलं.

"या लोकांना येतं ते. जन्मतःच."

"हा गणित शिकवतो. याला घरातली बरणी उघडत नाही, माझी लेक उघडून देते."

"सोंग असतं ते," फौजदार म्हणाला.

त्याच वेळी जावयाने गजांना धरलं. फौजदार हाताच्या मागच्या बाजूकडे बघत होता, पत्रकात बसणाऱ्या बाजूकडे. थोरली समोर उभी होती म्हणून तिला गजांभोवती वळलेली नखं दिसली. नखांच्या फटीत खडूची पांढरी भुकटी होती. दुसरं काही नव्हतं.

काहीतरी तिच्या डोक्यात खटकलं. काय ते तिला तिथे उभं राहून सापडेना. घड्याळात नऊ वाजले होते.

३

चष्मेवाला काच पुसत होता. गल्लीत त्याच्याइतका नजरेचा माणूस नव्हता. दोन चष्मे एकावर एक घालून तो गिऱ्हाइकाचे दोष शोधायचा, आणि गिऱ्हाईक गेल्यावर गल्लीचे.

त्याने सांगितलं ते असं. गल्लीतला दिवा नुकताच लागला होता. मागच्या दाराने एक माणूस बाहेर आला. डोक्यावर टोपी, मान खाली, चेहरा दिसला नाही. शर्टाच्या बाह्या वर सरकवलेल्या, काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. हात काळेशार, कोपरापर्यंत, आणि ओले. पाणी गळत होतं.

थोरलीचा पाय जिथे होता तिथेच थांबला.

"कोपरापर्यंत? मग कोपराच्या वर?"

"वर पांढरा की, दुधासारखा. रेघ मारल्यागत."

"हे तू शिपायाला सांगितलंस?"

चष्मेवाल्याला राग आला. त्याने सगळं सांगितलं होतं. पण शिपायाकडच्या कागदावर दोनच चौकोन होते, गोरा आणि काळा. अर्ध्या माणसासाठी जागा नव्हती. शिपायाने विचारलं, जास्त काय दिसलं? हा म्हणाला, जास्त तर काळंच दिसलं, दिव्याखाली होता तेव्हा. तिथे खूण झाली.

"दिव्याखाली," थोरली म्हणाली.

"दिव्याखालीच. तुमच्या मागच्या दाराबाहेरच्या."

तो दिवा तिला पाठ होता. पिवळा, आजारी माणसाच्या डोळ्यासारखा. वीस-बावीस वर्षांपूर्वी एक नवरी रडत आली होती, साडी निळी सांगितली आणि यांनी काळी करून दिली म्हणून. रंगाऱ्याने तिला काही समजावलं नाही. तिला दिव्याखालून उचलून आणल्यासारखं अंगणाच्या उत्तरेकडच्या दारात नेलं, सकाळपर्यंत थांब म्हणाला, तिच्या आईला निरोप धाडला आणि थोरलीला तिच्यासाठी भात टाकायला लावला. उजाडलं तेव्हा नवरी साडीकडे बघून हसायला लागली. निळी, मोरपिसासारखी. त्या दिव्याखाली निळं काळंच दिसतं. तेव्हापासून घरात नियम होता, रंगाचा निकाल दिव्याखाली द्यायचा नाही.

थोरलीने चष्मेवाल्याला सांगितलं, बाराच्या आत चौकीत ये, दोन्ही चष्मे घालून. आणि चपला पायात सरकवत ती घराकडे वळली. तिला आता नक्की काय बघायचं ते कळलं होतं, आणि ते बघायची तिला मुळीच इच्छा नव्हती.

४

रंगशाळेच्या कोपऱ्यात निळीचा रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला होता. आत वास असा, की नवा माणूस नाक धरून पळतो आणि जुना माणूस परगावी गेला की त्याच वासासाठी झुरतो.

कपाटाची किल्ली या रांजणात असायची. आत, काठाखाली कोपरभर खोल, एका खिळ्याला दोरीने बांधलेली. ही अक्कल रंगाऱ्याची. तो म्हणायचा, किल्ली लपवायची कशाला, जो काढेल त्याला सही करायला लावू. नीळ हाताला लागली की आधी हिरवी दिसते, वारा लागला की निळी होते, आणि मग पंधरा दिवस नखांतून हलत नाही. साबण लावा, राख लावा, देवाला नवस बोला.

ही गोष्ट चौघांना माहीत होती. एक रंगारी, तो गेला. दुसरी थोरली. उरली ती दोन मुलं. त्या दिवशीचं ऊन तिला अजून दिसत होतं. लेक सहा वर्षांची, पुतण्या आठाचा. रंगाऱ्याने दोघांना रांजणाशी पालथं झोपवून हात बुडवायला लावले होते. बाहेर काढले तेव्हा हिरवे, आणि बघता बघता निळे. दोघं एवढी हसली की पुतण्याला उचकी लागली. आई नसलेलं पोर ते. त्या रात्री निळे हात उशीवर ठेवून झोपलं होतं आणि थोरली दिवा मालवायला गेली तर झोपेत म्हणालं होतं, काकू, आता मी पण घरचा ना.

लेक मागे येऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते.

"काल दिवसभर रांजणात हात कुणी घातला?" थोरलीने विचारलं.

"कुणी नाही. काल निळीच्या विसाव्याचा दिवस होता."

खरंच होतं. आठवड्यातून एक दिवस नीळ ढवळायची नाही, तिला गप्प पडू द्यायचं. म्हणूनच तर दोघी दवाखान्यात गेल्या होत्या. म्हणजे काल संध्याकाळी या गल्लीत ओला निळा हात एकाच माणसाचा असू शकत होता.

थोरलीने पदर खोचला, हात घातला. किल्ली जागेवर होती. पण दोरीची गाठ तिची नव्हती. ती आयुष्यभर ओल्या दोरीला रंगाऱ्यांची सरकगाठ मारत आली होती, एका झटक्यात सुटणारी. ही बुटाच्या नाडीसारखी फुलगाठ होती. दुकानातल्या पुड्यांवर बांधतात तशी.

"नवऱ्याला सांगितलं होतंस तू, किल्ली कुठे असते ते?" तिने लेकीकडे न बघता विचारलं.

"तूच शपथ घातली होतीस ना, आई," लेक म्हणाली. "लग्नाच्या दिवशी. तेवढं सोडून त्याला सगळं सांग म्हणालीस."

अकरा वाजले होते.

५

चौकीत गाडी लागली होती. पुतण्याही आलेला होता, तक्रारीवर सही करायला. हातमोजे घालूनच. फौजदाराने त्याला खुर्ची दिली होती. चष्मेवाला दोन चष्मे घालून दाराशी उभा होता आणि कुणीच त्याला आत बोलावत नव्हतं.

थोरली खुर्चीची वाट न बघता बाकावर बसली आणि आपला निळा हात तिने टेबलावर ठेवला. फौजदाराच्या कागदावर डाग पडला.

तिने एकेक गोष्ट सांगितली, भाजी निवडावी तशी. कुलूप किल्लीने उघडलंय. किल्ली निळीत होती. काल नीळ विसाव्याला होती. चष्मेवाल्याने पाहिलेला हात कोपरापर्यंत काळा आणि वर गोरा होता, आणि तो दिवा निळ्याला काळं दाखवतो. चोराचे हात निळे आहेत. तिने शिपायाला सांगितलं, जावयाला बाहेर आण आणि त्याचे तळहात वर कर.

शिपायाने फौजदाराकडे पाहिलं. फौजदाराने खांदे उडवले. जावयाने हात उलटे केले. तळहात गुलाबी, स्वच्छ, एका बोटाला लाल शाईचा ठिपका, नखांत खडू.

"पत्रकात तळहाताचा पट्टा नाही," फौजदार म्हणाला.

"बघ शोधून," थोरली म्हणाली.

"आजी, हा घरातला माणूस. सात वर्षं राहतोय. किल्ली कशी काढायची, हात न भिजवता, आकड्याने, काठीने, त्याने ठरवलंच असेल. जागा तर त्याला माहीत असणारच."

थोरलीला वाटलं, हा मुद्दा याला सुचायला नको होता. बिनडोक माणूस नेमका एकदाच शहाण्यासारखा बोलतो आणि तेही आपल्यावर येतं. ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. बाहेर गाडीचं इंजिन सुरू झालं.

"नव्हती माहीत," ती म्हणाली. "मी सांगितली नव्हती. लेकीलाही सांगू दिली नाही. घरात घेतला, पंगतीला घेतला, पण किल्लीची जागा नाही सांगितली. का, ते तुझ्या त्या पुठ्ठ्यावर छापलंय. तू ते खिशात घालून फिरतोस, मी डोळ्यांत घालून फिरत होते. काल तुला खुंटी दाखवली ती मीच."

जावयाने मान खाली घातली. तेवढ्यानेच तिला जास्त लागलं.

मग ती पुतण्याकडे वळली. आवाज तिने चढवला नाही.

"हातमोजे काढ, बाळ."

पुतण्या हसला. म्हणाला, काकू, रेशमाचं काम अर्धवट टाकून आलोय.

"लहानपणी तुला उचकी लागली होती," ती म्हणाली. "आठवतं?"

त्याचं हसू चेहऱ्यावरच अडकून राहिलं. मग त्याने एक हातमोजा काढला, मग दुसरा. हात घासून घासून सोलले होते, पण नखं निळीच होती, दहाच्या दहा. वही त्याने कापडगिरणीवाल्यांना द्यायची कबूल केली होती, तिथे त्याला मोठी जागा मिळणार होती. काखेतलं गाठोडं दुकानातच होतं, रेशमाच्या ठाणांमागे. अजून देववलं नव्हतं, असं तो म्हणाला, आणि ते खरं असावं.

फौजदाराने लगेच पेन खाली ठेवलं. म्हणाला, म्हणजे मग ही घरगुती बाब आहे. आपसात मिटवा.

"काल दरोडा होता," चष्मेवाला दारातून म्हणाला.

"काल माहिती अपुरी होती."

थोरली उठली. खिडकीतलं पत्रक दोरीसकट ओढून तिने फौजदाराचं मनगट धरलं. तो लहान होता तेव्हा त्याच्या शाळेच्या खाकी चड्डीचा रंग याच हातांनी पक्का केला होता, त्यामुळे त्याला ते सोडवून घ्यायला जमलं नाही. पट्टा त्याच्या मनगटाला टेकला.

"शिपाईदादा, वाच रे कितवा."

शिपाई इमानदार माणूस. त्याने वाकून पाहिलं. "आठवा, साहेब. रेघेखाली."

"ऊन खाऊन खाऊन तुझं पत्रक विटलंय," थोरली म्हणाली. "ते फिकं होतंय, तसतसा गाव काळा होतोय. तुझे गुन्हेगार ऊन पैदा करतंय. अजून एक उन्हाळा टांग, मग तुला स्वतःलाच बाराच्या गाडीने जावं लागेल."

शिपायाने विचारपूस करायची का म्हणून नोंदवहीचं पान उघडलं होतं. फौजदाराने त्याला बाहेर जाऊन गाडी बंद करायला सांगितलं.

६

पुतण्याने त्याच दुपारी वही आणून ठेवली आणि दुकानाचा उंबरा ओलांडून गेला. थोरलीने त्याला थांबवलं नाही, आणि दारही लावलं नाही. नखं स्वच्छ व्हायला पंधरा दिवस लागतात, तोवर बघू, एवढंच लेकीला म्हणाली.

संध्याकाळी ती अंगणाच्या उत्तरेकडच्या दारात वही घेऊन बसली. सगळे तुकडे जागेवर होते. डॉक्टरीणबाई, बँडवाले, लेकीचं दप्तर. शेवटच्या पानांपाशी एक निळा तुकडा होता, तो तिला ओळखू येईना. असं कधी झालं नव्हतं. तिने जावयाला हाक मारली. लग्नानंतर पहिल्यांदा तिने त्याला जावईबापू म्हटलं नाही, नुसतं "ये रे" म्हणाली.

"हे काय लिहिलंय, वाच. माझे डोळे अजून धुरकट आहेत."

डोळे धुरकट नव्हते, हे त्यालाही माहीत होतं. त्याने वाचलं, वर्गात वाचावं तसं, सावकाश.

"जावयाच्या लग्नाच्या कोटाचा निळा. सात बुड्या. थोरलीने रंगवायला नकार दिला म्हणून मी रंगवला. तिला हा पटायला वेळ लागेल. रंग पक्का आहे, थांबेल."

थोरलीने तुकड्यावरून अंगठा फिरवला. खुंटीवरचा कोट सात वर्षं तिच्या डोळ्यांसमोर होता. तिने तो एकदाही उजेडात नेऊन पाहिला नव्हता.

ती उठली, वही कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली दोरीला बांधली. रांजणापाशी गेली. वळून बघितलं तर तो अजून दारातच उभा होता.

"तिथे काय उभा राहिलास? बाह्या वर कर," ती म्हणाली. "आणि घड्याळ काढून ठेव आधी, नंतर माझ्या नावाने बोंब नको. खिळा उजव्या हाताला आहे, कोपरभर खाली. गाठ मी शिकवते."

तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने हात आत घातला. तिनेही शेजारून आपला घातला, खिळा दाखवायला.